गावदेवीची वकील

ज्यांच्यासाठी मी न्यायालयात उभी राहिले, त्यांतल्या एका अशिलाचा आवाज मी कधी ऐकला नाही. तिचे वय गावात कोणालाच ठाऊक नव्हते. सर्वांत म्हातारी बाईसुद्धा ‘माज्या सासूच्या सासूच्या आदीपासून हाय’ एवढेच सांगे. कायद्याच्या भाषेत मात्र ती अज्ञान होती, म्हणजे अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या मुलासारखी, आणि कायमची तशीच राहणार होती. खाडीकाठच्या एका गावाची ती गावदेवी. गावाचे नाव मी लिहीत नाही. आता त्या जागी गाव उरलेलेही नाही.

मागच्या वर्षी मी काळा कोट कपाटात टांगला. त्याच्या अस्तराला अजून न्यायालयाच्या आवाराचा वास येतो. जुना कागद, शिक्क्याची शाई, बाहेरच्या टपरीवर चहात उकळून काळे पडलेले आले आणि चैत्र-वैशाखातला घाम. पनवेलच्या दिवाणी न्यायालयात माझा सगळा जन्म गेला असे म्हटले तरी चालेल. भेटणारे लोक विचारतात, तुमची सर्वांत मोठी केस कोणती. मोठ्या म्हणाव्यात अशा केसेस माझ्याकडे फारशा आल्या नाहीत. बांध, वाटण्या, सामाईक विहिरी, गच्चीतली गळती, भाडेकरू, हे माझे जग. त्यातच ही देवी आली, आणि माझ्या धंद्याचा अर्थ मला तिच्यामुळे थोडाफार कळला, म्हणून तिच्याविषयी लिहिते.

आधी धंद्याविषयी. कायदा शिकण्यापूर्वी मी मराठी घेऊन एम.ए. केले होते आणि कवितेच्या वर्गात प्रत्येक शब्द उलटा करून त्याचे मूळ पाहण्याची खोड लागली होती. वकिलीची सनद हातात आली तेव्हा मी पहिल्यांदा ‘अ‍ॅडव्होकेट’ या शब्दाचे मूळ शोधले. लॅटिनमध्ये ‘अ‍ॅडव्होकाटस’ असे नाम आहे. त्याचा अर्थ, हाक मारून जवळ बोलावलेला. रोमन माणूस संकटात सापडला की ओळखीतल्या एखाद्याला हाक मारी आणि तो त्याच्या शेजारी येऊन उभा राही. त्या शब्दात वक्तृत्वाचा उल्लेख नाही, कायद्याच्या ज्ञानाचाही नाही. हाक आहे आणि जवळ येणे आहे. मला तो शब्द फार आवडला आणि मी तो ज्यांच्या हाताखाली शिकत होते त्या अण्णांना सांगितला. अण्णा पनवेलचे जुने वकील. पान लावताना कोणाकडे बघत नसत.

“छान आहे,” ते चुन्याचे बोट पानावरून फिरवत म्हणाले. “आता त्याचा अर्थ सांगतो. ज्याने हाक मारली त्याला विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. तुला त्याच्यापेक्षा जास्त कळत असलं तरी.”

हा नियम ऐकायला सोपा आणि पाळायला अवघड आहे, हे आपटा गावच्या एका गृहस्थांनी मला शिकवले. पाताळगंगेच्या काठी त्यांची वाडी होती आणि बांधावरच्या फणसावरून चुलतभावाशी दावा चालला होता. समोरच्या वकिलाने एक दिवस बाहेर येऊन सांगितले, कंटाळलो आम्ही, अख्खे झाड घ्या तुम्हाला. मी आनंदाने हे अशिलाला सांगायला गेले. ते बाकावर बसून पिशवीतल्या कच्च्या कैऱ्यांचा वास घेत होते.

“झाड नको,” ते म्हणाले.

“मग दावा कशासाठी केलात?”

“झाड सामाईक होतं, एवढं त्याने म्हणावं. मग फणस त्यानेच खावेत. मला पोटाला चालत नाहीत.”

झाड सामाईक असल्याचे लिहून मिळाले. त्यानंतर अनेक वर्षे उन्हाळ्यात माझ्या घरी फणस येत. ते चुलतभाऊ पाठवत, की हे गृहस्थ, हे मी विचारले नाही. सुकापूरच्या एका बाईंचा शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरातल्या धुराड्यावरून तंटा होता. तडजोड झाली, धुराडे हलले, आणि तरीही पुढच्या महिन्यात बाई डबा घेऊन माझ्या टेबलाशी हजर. आज तारीख नाही म्हटल्यावर म्हणाल्या, “ठाऊक आहे. तारीख नाही म्हणून तर निवांत आले.” अशी माणसे काय मागायला आली आहेत, हे त्यांच्या अर्जात लिहिलेले नसते. त्यांना विचारावे लागते, आणि विचारून गप्प बसावे लागते.

पण ज्याला विचारता येत नाही, असे अशील आले तर?

एका मोठ्या प्रकल्पासाठी खाडीकाठचे ते गाव उठले. घरे नव्या वसाहतीत गेली. मागे राहिले गावदेवीचे कौलारू देऊळ आणि त्यातला तांदळा. घडवलेली मूर्ती नसते, नुसता शेंदूर माखलेला दगड असतो, त्याला तांदळा म्हणतात. हा साधारण कलिंगडाएवढा, एका अंगाला किंचित झुकलेला. नव्या वसाहतीत देवळाच्या समितीने मोठे देऊळ बांधले होते, काळ्या ग्रॅनाइटचे, आणि जयपूरहून संगमरवरी मूर्ती मागवली होती. जुन्या दगडाचे विधिपूर्वक खाडीत विसर्जन करायचे ठरले होते.

हिराबायने त्याला हरकत घेतली. हिराबाय म्हणजे त्या देवळाची झाडलोट, दिवाबत्ती आणि पूजा करणारी म्हातारी. तिच्या सासूने केली, सासूच्या सासूने केली, म्हणून ती करत होती. तिने देवीच्या नावाने दावा लावला. देवीला असा दावा लावता येतो. आपला कायदा देवाला व्यक्ती मानतो, पण स्वतः बोलू न शकणारी, म्हणून अज्ञान व्यक्ती. तिच्या वतीने कोणीतरी मोठ्या माणसाने उभे राहावे लागते. त्याला वादमित्र म्हणतात. हिराबाय वादमित्र म्हणून उभी राहिली. समितीच्या वकिलाने ताबडतोब दाखवून दिले की या बाईचा स्वतःचाच मतलब यात आहे. दगड गेला की तिचे काम जाते. नव्या देवळासाठी समितीने वैदिक पुजारी ठरवला होता, हेही खरे होते. न्यायाधीशांनी हिराबायला बाजूला केले आणि जिचा कोणताच मतलब नाही अशी वादमित्र नेमली. ती मी.

अशा रीतीने मी एका दगडाची वकील झाले. हाक मारून कोणी बोलावले नव्हते, आदेश टपालाने आला होता.

दोन दिवसांत समितीचे अध्यक्ष पद्माकर पाटील कार्यालयात आले. पन्नाशीचे, पांढराशुभ्र शर्ट, गाडीची चावी बोटात फिरवत. वाईट माणूस मुळीच नव्हता. गाव उठले तेव्हा शाळा, स्मशान आणि देऊळ या तिन्हींसाठी तोच कचेऱ्यांचे उंबरे झिजवत होता.

“मॅडम, तडजोड करू,” तो म्हणाला. “देऊळ बघा एकदा येऊन. कळस बघा. गावातली पोरं लग्नाच्या पत्रिकेवर फोटो छापतात. त्या जुन्या देवळात पावसात बेडूक असायचे.”

“आणि तांदळा?”

“विसर्जन शास्त्रोक्त करणार. अलिबागवरून गुरुजी येतायत. दगड तो दगड, मॅडम. देवी काय दगडात असते?”

याला कायद्याचा आधार होता. देव म्हणजे दगड नव्हे, हे न्यायालयेसुद्धा मानतात. संध्याकाळी हिराबाय आली. काष्ट्याचे हिरवे लुगडे, कपाळाला बोटभर आडवे गोंदण. खुर्ची दिली तरी ती जमिनीवर, भिंतीला पाठ लावून बसली. तिच्या अंगाला खोबरेल आणि सुक्या मासळीचा मिळून एक वास होता. त्या वासाने माझे पुस्तकांचे कपाट एकदम परके वाटू लागले.

“तुमी तिच्या वकील?” तिने विचारले.

“हो.”

“तिला बगितलंय?”

“नाही अजून.”

“मंग तिच्या वतीनं बोलनार कशा?”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्याबरोबर गेले. रिक्षा प्रकल्पाच्या मातीच्या भरावाच्या टोकाला सोडून पुढे चालावे लागले. गावाची फक्त जोती उरली होती. एका जोत्यावर चुलीचे काळे वर्तुळ दिसत होते, दुसऱ्यावर तुळशीवृंदावनाचा तुटका पाया. खाडीला ओहोटी लागली होती आणि तिवरांच्या मुळांतून येणारा तो कुबट, अंड्यासारखा वास उन्हात दाटून राहिला होता. देवळात पाऊल ठेवल्यावर मात्र गारवा लागला. शेणाने सारवलेली ओली जमीन, तेलाची काजळी, शेंदूर.

हिराबायने माझ्याकडे लक्ष न देता कळशी घेतली, देवळासमोरच्या पायऱ्या उतरून खाडीचे पाणी आणले आणि दगडाला आंघोळ घातली. मग लुगड्याच्या पदराने तो पुसला. कानामागे पुसावे तसे, झुकलेल्या बाजूच्या खाचेत बोट घालून.

“खारं पाणी घालता?” मी विचारले.

“तिला त्येच आवडतं. भरती मोठी असली का पानी हितंवर येतं, हिच्या पायाशी. तवा मी आंघोळ घालत नाय. बोलते, आज तुजी तू न्हायलीस.”

मग ती माझ्याकडे वळली.

“वकीलबाय, देऊळ चांगलं बांदलंय पद्यानं. मी नाव ठेवनार नाय. पन हिला पान्यात टाकून दुसरीला हिचं नाव देनार, हे काय बरं दिसतं? म्हातारी झाली म्हनून सासूला खाडीत टाकून नवी आनतात काय?”

तिला काय हवे होते हे मला स्पष्ट कळले. दगड इथेच राहावा, आणि मरेपर्यंत आपण त्याला आंघोळ घालावी. पण माझी अशील ती नव्हती. देवीचे हित कशात, हे मला ठरवायचे होते. सगळे गाव दूर गेल्यावर उजाड भरावात एकट्या म्हातारीच्या भरवशावर राहण्यात देवीचे हित होते? की खाडीच्या तळाशी जाऊन संगमरवरात नव्याने बसण्यात? अज्ञान व्यक्तीच्या वतीने तडजोड करायची झाली तर तिच्या वकिलाला लिहून द्यावे लागते की, माझ्या मते ही तडजोड अज्ञानाच्या हिताची आहे. असे प्रमाणपत्र मी पोरक्या मुलांच्या दाव्यांत अनेकदा दिले होते. त्या मुलांना मांडीवर बसवून विचारता तरी येई. इथे माझे पेन अडले.

तोड पद्माकरनेच काढली. “कौल लावू,” तो म्हणाला. “देवीलाच विचारू. हिराकाकीने मानलं तर आम्ही मानू.”

कोकणात कौल लावणे ठाऊक नाही असे गाव नसेल. देवाच्या अंगाला दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या किंवा तांदूळ चिकटवतात, जाणता माणूस गाऱ्हाणे घालून प्रश्न विचारतो, आणि सगळे वाट पाहतात. उजवीकडची कळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. न्यायालय कौलाला पुरावा मानत नाही आणि मी त्याला पुरावा म्हणून नेणारही नव्हते. पण दोन्ही बाजू ज्याला मानतात असा दुसरा कोणी साक्षीदार माझ्याजवळ नव्हता.

मंगळवारी दुपारी माणसे जमली. वसाहतीतून टेम्पो भरून आली, बायका नटून आल्या होत्या, जणू माहेरी. जो तो आपापल्या जोत्यावर जाऊन उभा राहून येत होता. हिराबायने दगडाला तेल-शेंदूर लावला आणि तगरीच्या दोन कळ्या पाण्यात बुडवून दोन्ही अंगांना चिकटवल्या. लाल शेंदरावर त्या दोन पांढऱ्या कळ्या कानातल्या कुड्यांसारख्या दिसत होत्या.

पद्माकर हात जोडून पुढे झाला. देवीसमोर त्याची कचेरीतली भाषा गळून पडली.

“आई माजे, तुजी लेकरं गाव सोडून लांब गेली. तुला नवं देऊळ बांदलंय. त्या देवळात नव्या रूपानं येनार असशील तर उजवा कौल दे.”

“थांब पद्या,” हिराबाय म्हणाली. “नव्या रूपानं म्हंजे काय, ते सांग तिला.”

“म्हंजे मूर्ती, काकी.”

“आन ही?”

“हिचं विसर्जन.”

“पान्यात टाकनार, असं बोल. ती काय भयरी नाय.”

मागे कोणीतरी हसले, कोणीतरी गप्प केले. पद्माकर वैतागला. “मग तूच विचार.”

“मी इचारीन. आई, तुला तुजी जागा सोडून परक्या फरशीवर जायचं हाय काय?”

“परकी कशी? ती काय परक्याची फरशी हाय? वर्गणी काढलीय.”

भांडण प्रश्नाच्या शब्दांवर आले होते आणि दोघेही माझ्याकडे पाहू लागले. आयुष्यभर मी हेच काम करत आले होते. साक्षीदाराला कसे विचारावे याचे नियम आहेत. आपल्या साक्षीदाराच्या तोंडी उत्तर भरता येत नाही, आणि एका प्रश्नात दोन प्रश्न बांधून त्याला एकच उत्तर द्यायला लावता येत नाही. आईचे घर विकून तुम्ही गावी गेलात का, असे विचारले तर गावी गेलेला पण घर न विकलेला माणूस हो म्हणाला तरी अडकतो, नाही म्हणाला तरी.

“पद्माकरभाऊ,” मी म्हटले, “तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. कोर्टात मी हरकत घेतली असती. आणि हिराबाय, तुमच्या प्रश्नात तुमचं उत्तर आहे. त्यालाही घेतली असती.”

“मग हितं पन घ्या की,” मागून एक म्हातारबुवा म्हणाले. “तुमचीच अशील हाय.”

तशी मी हरकत घेतली आणि प्रश्न सोडवून वेगळे केले. पहिला, ही जागा सोडायची का. दुसरा, हा तांदळा सोडून मूर्तीत जायचे का. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. दोघांनी ते शब्द मनातल्या मनात तपासून पाहिले. हिराबायला पहिला प्रश्न आवडला नाही, पद्माकरला दुसरा. म्हणजे प्रश्न बरोबर उतरले होते.

पहिला प्रश्न पद्माकरने विचारला. दूर डंपर मागे येताना वाजणारी घंटी, तिवरांत बगळ्याची फडफड, एवढेच ऐकू येत होते. भरती चढू लागली होती. पायऱ्यांखाली पाणी दगडांवर चुळुक चुळुक करत होते. निकालाच्या वेळी न्यायाधीशांकडे पाहते तशी मी कळ्यांकडे पाहत होते.

उजवी कळी पडली.

कोणी ओरडले नाही. पद्माकरनेही नाही. सगळ्यांनी हिराबायकडे पाहिले. तिने पडलेली कळी उचलली, कपाळाला लावली आणि डाव्या हाताच्या मुठीत ठेवली. तिचा खालचा ओठ क्षणभर आत गेला.

“बरं,” ती म्हणाली. “निगायचं तर.”

मग तिनेच पुन्हा शेंदूर सारखा केला, दोन नव्या कळ्या बुडवून लावल्या. आपल्या मनाविरुद्धची कळी जिथे होती, त्याच जागी नेमकी तितकीच ओली कळी तिने लावली. मी तिच्या बोटांकडे फार बारकाईने पाहत होते, कारण हात थोडा हलका किंवा जड लावता आला असता. तिने लावला नाही.

दुसरा प्रश्न विचारायला तिने पद्माकरलाच पुढे केले. “तूच इचार. मी इचारलं तर म्हनशील काकीनं काय तरी केलं.”

त्याने विचारले. या वेळी खूप वेळ गेला. बायका उकिडव्या बसल्या, एकीने पदरातले शेंगदाणे वाटले. पाणी तिसऱ्या पायरीला लागले. उन्हाची तिरीप दारातून आत येऊन दगडाच्या झुकलेल्या अंगावर थांबली होती. मग खाडीकडून एक झुळूक आली, खारी, गार, आणि डावी कळी पडली.

“वारा आला, काकी,” पद्माकर पटकन म्हणाला. “वाऱ्यानं पडली. परत लावू.”

हिराबायने त्याच्याकडे पाहिले. तिच्या आवाजात राग नव्हता.

“पयला कौल पडला तवा मी परत लाव बोलले काय?”

म्हातारबुवा मागून म्हणाले, “पद्या, कळी उचल.” त्याने वाकून कळी उचलली आणि कपाळाला लावली.

देवी बोलली की नाही, हे मला विचारू नका. ओली कळी सुकते आणि पडते. खाडीच्या वाऱ्याने लवकर सुकत असेल. पण त्या दुपारी एका म्हातारीने आपल्या विरुद्धचा कौल मुकाट्याने मानला, आणि त्यामुळे दुसऱ्या कौलाला वजन आले, हे मी डोळ्यांनी पाहिले. तेवढ्यावर मी काम करू शकत होते.

तडजोडीच्या अटी लिहायला पद्माकर कार्यालयात आला. तांदळा नव्या देवळाच्या गाभाऱ्यात बसेल, तोंड पश्चिमेला, जसे होते तसे. संगमरवरी मूर्ती सभामंडपात, पालखीसाठी. इथपर्यंत सुरळीत गेले. मग मी लिहिले की गाभाऱ्यातली सेवा हिराबाय हयात असेपर्यंत तिच्याकडे, आणि पुढे ती जिला शिकवील तिच्याकडे.

“हक्क असं लिहू नका, मॅडम,” तो म्हणाला. “काकीला कोण काढतंय? राहू दे म्हणू नुसतं.”

“नुसतं राहू दे म्हटलं की उद्या नसू दे म्हणायला सोपं जातं.”

“तुम्ही काकीच्या वकील नाही ना?”

“नाही. पण माझी अशील लहान आहे. तिला ओळखीच्या हातांची सवय आहे. अनोळखी घरी पाठवताना मी तेवढं बघणारच.”

तो हसला आणि सही केली. पुढे त्या वैदिक पुजाऱ्याला सभामंडपातल्या मूर्तीची पूजा मिळाली.

न्यायाधीश तरुण होते, नागपूरकडचे, कोकणात नवे. त्यांनी माझे प्रमाणपत्र वाचले आणि चष्म्यावरून पाहिले.

“मॅडम, आपल्या मते ही तडजोड अज्ञानाच्या हिताची आहे. अज्ञानाला विचारलंत का?”

न्यायालयात हशा पिकला. कारकूनही हसला.

“विचारलं, साहेब,” मी म्हणाले.

“मग काय सांगितलं त्यांनी?”

“जागा सोडते म्हणाली. रूप सोडत नाही म्हणाली.”

हशा ओसरला. मागच्या बाकावर हिराबाय पदर सावरून बसली होती आणि शेजारी पद्माकर. न्यायाधीशांनी दोघांकडे एकेकदा पाहिले आणि तडजोडीला परवानगी दिली.

दगड हलवला त्या दिवशी मी गेले. अलिबागच्या गुरुजींनी मंत्र म्हटले, चौघांनी पहारीने तांदळा सोडवला. तो टेम्पोत चौरंगावर ठेवायचा होता. हिराबायने तो मांडीवर घेतला. “चौरंगावरून गडगडंल,” ती म्हणाली. वाटभर ती ड्रायव्हरला हळू चालवायला सांगत होती. डोळ्यांत पाणी नव्हते. खड्डा आला की फक्त दोन्ही हात दगडाभोवती घट्ट होत. नव्या देवळात ताज्या रंगाचा आणि पॉलिशचा वास होता. गाभाऱ्यात पश्चिमेला तोंड करून दगड बसला. पश्चिमेला आता खाडी नाही, शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी आहे. दिशा मी अटीत लिहू शकले, देखावा लिहू शकले नाही. याची चुटपुट अजून आहे. खाडीकाठी लाटांच्या आवाजात राहिलेल्या कोणाला त्या काळ्या चकचकीत खोलीत कसे वाटत असेल, हे मला कळायला मार्ग नाही. हिताचे प्रमाणपत्र मी दिले, पण हित म्हणजे सुख असे त्यात कुठे लिहिलेले नसते.

वर्षभराने पद्माकरचा फोन आला. त्याच्या आवाजात जुना वैताग होता.

“मॅडम, काकीला जरा समजवा. रोज रिक्षा करून खाडीवर जाते, कळशीभर खारं पाणी आणते आणि आत ओतते. ग्रॅनाइट पांढरा पडला. पॉलिशवाला म्हणतो, जाणार नाही आता.”

“मी देवीची वकील आहे, पद्माकरभाऊ. ग्रॅनाइटने दुसरा वकील बघावा.”

तो बराच वेळ हसत राहिला. “तरी म्हटलंच होतं मी कमिटीला,” तो म्हणाला, “तुम्ही ऐकणार नाही.”

कोट टांगला तेव्हा मी सगळी प्रकरणे दुसऱ्यांकडे सोपवली. एक राहिले. अज्ञान मूल सज्ञान झाले की त्याच्या वादमित्राचे काम संपते. देव सज्ञान होत नाहीत, आणि मला दूर करण्याचा आदेश कोणी काढलेला नाही. दर चैत्रात पालखीच्या आधी हिराबाय कोणाच्या तरी मोबाइलवरून फोन करते. ख्यालीखुशाली विचारत नाही. “तिनं बोलवलंय,” एवढे सांगते आणि ठेवून देते. मी जाते.

या चैत्रात गेले तेव्हा मंडपात ढोल चालू होते आणि संगमरवरी मूर्ती पालखीत बसत होती. गाभाऱ्यात हिराबाय होती. तिच्याजवळ तिची एक सून बसून शेंदूर कालवायला शिकत होती. दगडाभोवती काळ्या फरशीवर पांढरी कड चढली होती, जरा वाकडीतिकडी, काठाला फेसासारखी विरत गेलेली. मोठी भरती ओसरल्यावर जुन्या देवळाच्या पायऱ्यांवर अशीच रेघ राहत असे.

“बगा,” हिराबाय म्हणाली, “हितंवर येतं आता.”

मी वाकून नमस्कार केला आणि उठताना त्या कडेवरून बोट फिरवले. बोट जिभेला लावले. खारट होते.